गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा: ओळखायचा, पकडायचा आणि आपल्या बांधावर टिकवायचा कसा

पहिल्यांदा हा भुंगा माझ्या बांधावर दिसला तेव्हा मी त्याच्यावर फवारा मारला होता. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे मी कुणाला शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको. जुलै महिना होता, वांग्याच्या सऱ्यांच्या कडेला कमरेएवढं गाजर गवत आणि त्याच्यावर पांढरट पाठीवर काळपट रेघा असलेले शेकडो किडे. मला वाटलं आज गवतावर आहेत, उद्या वांग्यावर येतील, म्हणून पंप पाठीवर घेतला आणि सगळे झोपवले. संध्याकाळी शेजारचे अण्णा बांधावर आले, खाली पडलेले भुंगे बघितले आणि म्हणाले, "अरे येड्या, फुकट खुरपण करणारी माणसं मारलीस की."

त्यानंतर पाच पावसाळे झाले, दरवर्षी मी हे भुंगे गोळा करतो, सोडतो, लोकांना बरणीत भरून देतो. लोक नेऊन सोडतात आणि पंधरा दिवसांनी फोन येतो की भुंगे गेले कुठं, काहीच दिसत नाही. बहुतेक वेळा भुंगे गेलेले नसतात, लपलेले असतात. नाहीतर आपणच त्यांची लपायची जागा मोडलेली असते. म्हणून नुसतं "आणा आणि सोडा" असं न सांगता हा प्राणी वागतो कसा, जीव कसा वाचवतो, ते पण सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

हा आला कुठून

गाजर गवत (कुणी काँग्रेस गवत म्हणतं) मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यावर आलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सांगतात. बी आलं पण त्याला खाणारे किडे तिकडेच राहिले, त्यामुळे इथं त्याला कुणी विचारणारंच नव्हतं. गुरं तोंड लावत नाहीत, माणसाच्या अंगाला लागलं तर खाज, पुरळ, काहींना दम्याचा त्रास. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचं कडू विषारी द्रव्य असतं, झाडाचं स्वतःचं चिलखतच म्हणा.

हे चिलखत पचवणारा किडा मेक्सिकोत होता. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलोराटा, पानं खाणाऱ्या भुंग्यांच्या कुळातला, बटाट्याची वाट लावणारा जो कोलोराडो बीटल म्हणतात त्याचा भाऊबंद. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने तो १९८३ मध्ये आणला, चाचण्या केल्या आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. आता गंमत बघा, पहिली तीन-चार वर्षं तिथं डोळ्यात भरण्यासारखं काहीच घडलं नाही. १९८८ पासून मात्र भुंग्यांची संख्या अशी वाढली की गवताच्या नुसत्या काड्या उरायला लागल्या. ऑस्ट्रेलियात १९८० लाच सोडला होता, तिथं तर त्याने अजून जास्त वाट बघायला लावली. त्यामुळे पंधरा दिवसांत फोन करणाऱ्यांनो, जरा दमानं घ्या.

आधी ओळख पक्की करा

पूर्ण वाढलेला भुंगा साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. पाठ फुगीर, रंग मळकट पांढरा किंवा साईसारखा, त्यावर गडद तपकिरी नागमोडी उभ्या रेघा, डोकं आणि मान तपकिरी. एकदा बघितला की विसरत नाही.

घोळ होतो तो दोन किड्यांशी. एक म्हणजे वांग्या-बटाट्यावरचा ठिपक्यांचा भुंगा, त्याच्या पाठीवर रेघा नसतात, तांबूस अंगावर काळे ठिपके असतात. दुसरा भोपळा-काकडीच्या वेलावरचा लाल भुंगेरा, तो सडपातळ आणि अख्खा नारिंगी-लाल. हे दोन्ही पिकाचे शत्रू, त्यांना उचलून गाजर गवतावर सोडलंत तर ते गवत खाणार नाहीत, उठून परत तुमच्या भाजीत जातील. एका ओळखीच्याने खरंच असं केलं होतं, नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे.

अंडी फिकट पिवळी ते नारिंगी, लांबुळकी. पान उलटं करून बघायचं, बहुतेक खालच्या बाजूला असतात, शिवाय कळ्यांवर आणि शेंड्यावर पण. एका जागी ढीग घालत नाही मादी, इथं एक, तिथं चार अशी विखरून घालते. चार ते सात दिवसांत अळी बाहेर येते. अळी मऊ, गुबगुबीत, सुरुवातीला पिवळट आणि मोठी होताना साईच्या रंगाची, पाठीला बाक असलेली. दहा-पंधरा दिवस खाते, मग झाडावरून उतरून मातीत जाते आणि तिथं कोष करते. अजून आठ-दहा दिवसांनी भुंगा वर. म्हणजे अंड्यापासून भुंग्यापर्यंत महिनाभर धरा, पावसाळ्यात अशा चार-पाच पिढ्या आरामात होतात, आणि एक मादी हजाराच्या वर अंडी देऊ शकते.

त्याच्या जीव वाचवायच्या युक्त्या

हा भाग नीट वाचा, खालच्या सगळ्या पायऱ्या याच्यातूनच निघतात.

पहिली युक्ती, टपकन पडणं. भुंग्याजवळ बोट न्या, झाड जरा जोरात हलवा, तो उडत नाही, सहा पाय आणि मिशा पोटाखाली आवळतो आणि दगडासारखा खाली पडतो. पाठ फुगीर आणि गुळगुळीत असल्यामुळे घरंगळत पालापाचोळ्यात जातो आणि मेल्यासारखा पडून राहतो. तुम्ही शांत उभे राहिलात तर थोड्या वेळाने एक पाय बाहेर, मग दुसरा, मग सुलटा होऊन चालायला लागतो. पक्ष्याला किंवा सरड्याला हलणारी वस्तू पटकन दिसते, न हलणारा दाणा मातीत शोधणं अवघड. आपल्याला पण अवघडच, म्हणून चिमटीने एकेक पकडायला जाणारा माणूस तासाभरात कंटाळून घरी जातो.

दुसरी युक्ती, पानाआड राहणं. कडक उन्हात हे वरच्या पानांवर फारसे दिसत नाहीत, खाली सावलीला किंवा बुडाशी असतात. दुपारी बारा वाजता जाऊन "एकपण नाही" म्हणू नका. सकाळी लवकर किंवा पाच नंतर जा.

तिसरी युक्ती अळीची. कोवळी अळी उघड्या पानावर बसत नाही, शेंड्याच्या आणि बगलेतल्या कळ्यांमध्ये शिरते. तिथं तिला दोन फायदे, कोवळं खायला मिळतं आणि बाहेरून कुणाला दिसत नाही. आपल्याला तिसरा फायदा, कारण शेंडा आणि कळी गेली की झाडाची उंची थांबते आणि फुलं कमी येतात. मोठी झाली की मग ती पानांवर येते आणि पानाची चाळणी करते. गाजर गवताच्या प्रत्येक फुलाच्या बोंडात पाच बिया, आणि असं एक दांडगं झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकतं, तेव्हा शेंड्यात लपलेल्या त्या इवल्याशा अळीचं काम किती मोठं आहे ते तुम्हीच मोजा.

अंडी विखरून घालण्यामागं पण हाच हिशोब असावा असं मला वाटतं, सगळी एका पानावर घातली आणि ते पान कुणाच्या नजरेला पडलं तर खेळ खलास.

चौथी आणि सगळ्यात भारी युक्ती म्हणजे जमिनीत जाऊन झोपणं. पाऊस संपून गवत वाळायला लागलं की, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून, मोठे भुंगे मातीत काही इंच खाली जातात आणि खाणं-पिणं बंद करून पडून राहतात. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, वर जमीन भाजून निघाली तरी खाली हे जिवंत. जूनमध्ये दणकून पाऊस झाला आणि माती ओली झाली की वर येतात, आणि नेमकं तेव्हाच गाजर गवताची कोवळी रोपं उगवलेली असतात. सगळे एका दिवशी येत नाहीत, आणि काही तर भर पावसाळ्यातच झोपायला जातात. ते बरंच आहे, मधेच महिनाभर पावसाने दडी मारली तरी सगळी जमात एकदम मरत नाही.

तरी शत्रू आहेतच. सोंडेने रस शोषणारे शिकारी ढेकूण अळ्यांना भोसकतात, कोळी धरतात, एक माशी अळीच्या अंगात आपली पिल्लं वाढवते. अशा अळ्या सुस्त, काळपट दिसतात. त्याला काही इलाज करू नका, निसर्गात हे चालायचंच. या सगळ्यांनी मिळून मारले नसतील तितके भुंगे एका पंपाने मरतात.

गोळा करायला निघा

योग्य काळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. आधी पायी फिरून ठिकाण शोधा. रस्त्याकडेचं, रेल्वे लाइनच्या बाजूचं, पडीक प्लॉटवरचं गवत बघायचं, जिथं पानं जाळीदार झालेली, शेंडे खाल्लेले आणि झाड हिरव्याऐवजी खराट्यासारखं दिसतं तिथं थांबायचं. भुंगे असणारच.

बरोबर घ्यायचं सामान: रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल किंवा मास्क, जुनी छत्री, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा आणि रबर बँड. हातमोज्यांची टाळाटाळ करू नका, भुंगा काही करत नाही पण गवत करतं. मी एकदा उघड्या हातांनी दोन तास काम केलं आणि नंतर आठ दिवस मनगटावर पुरळ घेऊन फिरत होतो. ज्यांना आधीच दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावं.

आता छत्री कशाला, तर त्याची पहिली युक्ती आपण त्याच्यावरच वापरायची. छत्री उघडून उलटी झाडाखाली धरा आणि काठीने झाडाला हलके दोन टोले द्या. सगळे भुंगे पाय आवळून छत्रीत टपाटप पडतात आणि मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतात, तेवढ्यात त्यांना बरणीत ओता. छत्री नसेल तर सुपाने पण होतं. झाड आधी हाताने हलवायचं नाही, नाहीतर तुम्ही छत्री धरेपर्यंत अर्धे जमिनीवर गेलेले असतात. सकाळी सहा ते आठ सगळ्यात बेस्ट, तेव्हा ते गारठ्याने जड असतात.

अळ्या अशा झटकू नका, मऊ असतात, दुखावतात. अळ्या हव्या असतील तर शेंडा कात्रीने कापून अख्खा उचला.

एका जागेचे सगळे भुंगे उचलून आणायचे नाहीत, तिथं पण काम चालू राहू दे. मी निम्मे तिथंच ठेवतो.

बरणीतून नेताना

बरणीत तळाला कागद, त्यावर गाजर गवताची ताजी कोवळी पानं, तोंडाला मच्छरदाणीचं कापड. एका लिटरच्या बरणीत शंभर-दीडशेपेक्षा जास्त कोंबू नका. पानं पाण्याने निथळत असतील तर आधी झटका, आत वाफ धरली की भुंगे चिकटून मरतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, हे सांगायची गरज नसावी पण आहे. त्याच दिवशी सोडणं उत्तम, जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशी.

सोडायचं कुठं आणि किती

एका जागी ५०० ते १००० भुंगे एकदम सोडावेत असं साधारण सांगतात आणि माझा अनुभव पण तसाच आहे. वीस इथं, तीस तिथं असे शिंपडले तर नर-मादी एकमेकांना सापडत नाहीत आणि सगळं विरून जातं. हजार जमत नसतील तर जेवढे असतील तेवढे एकाच ठिकाणी सोडा, गाव सुधारायला निघू नका, एक कोपरा धरा.

कोपरा असा हवा जिथं गवत दाट आहे, कोवळं आहे, फुलोऱ्यात आलेलं नाही, पाणी तुंबत नाही आणि जिथं पुढचे सहा-आठ महिने ना नांगर फिरणार ना तणनाशक पडणार. विहिरीच्या मागची बाजू, ओढ्याचा काठ, सोसायटीच्या मागचा पडीक तुकडा, अशी जागा चालते. संध्याकाळी सोडा, बरणी आडवी करून झाडाच्या बुडाशी ठेवा आणि निघून या. हवेत उधळून फोटो काढायची हौस असेल तर दहा-बारा उधळा, बाकीच्यांना शांतपणे चढू द्या.

मग काय करायचं? काही नाही

ही पायरी सगळ्यात अवघड जाते लोकांना. दहा दिवसांनी बघायला जा, पानं उलटी करून अंडी शोधा, शेंडा उकलून अळी बघा. मोठे भुंगे कमी दिसले तरी अंडी-अळ्या असतील तर सगळं ठीक चाललंय. वीस-पंचवीस दिवसांनी एकदम सगळंच गायब झाल्यासारखं वाटेल, अळ्या नाहीत, भुंगे पण तुरळक. याच वेळी मला फोन येतात. त्या अळ्या तुमच्या पायाखाली मातीत कोषात असतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी "काही उपयोग झाला नाही" म्हणून त्या तुकड्यात कुदळ मारतो किंवा रोटाव्हेटर फिरवतो. आठ-दहा दिवस थांबला असता तर दुसरी पिढी वर आली असती.

त्या तुकड्यात आणि त्याच्या आजूबाजूला कीटकनाशक नको. पिकावर फवारायचंच असेल तर वारा बघून, त्या कोपऱ्याकडे जाणार नाही असं फवारा. आणि डिसेंबर ते मे त्या जागेची माती उलथायची नाही, तिथं पाचट किंवा कचरा पण पेटवायचा नाही.

सूर्यफुलाची भानगड

हा प्रश्न येतोच म्हणून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाची पानं खाताना दिसला आणि मोठी बोंब झाली, सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले ना. सरकारने समिती नेमली, भुंगे सोडणं काही काळ थांबलं. तपासात एक भारी गोष्ट पुढे आली: शेजारच्या गाजर गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतात, आणि त्या वासाचवीला फसून भुंगा ते पान कुरतडतो. पुढे भुंग्याला सुरक्षित ठरवलं गेलं आणि आज जबलपूरची तण संशोधन संस्था स्वतः हे भुंगे सोडायला सांगते, दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह पण असतो. तरी माझं मत विचाराल तर सूर्यफुलाच्या शेताला खेटून मुद्दाम नेऊन सोडू नका, तिथलं गवत फुलायच्या आत हाताने उपटा. उगाच शेजाऱ्याशी वाद कशाला.

घरी बरणीत वाढवायचे असतील तर

मुलांना दाखवायला झकास आहे. मोठ्या बरणीत तीन-चार इंच चाळलेली ओलसर माती, मूठभर दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये इतकीच ओली. एका छोट्या बाटलीत पाणी भरून त्यात गाजर गवताची डहाळी खोचा, बाटलीच्या तोंडाला कापूस लावा नाहीतर अळ्या पाण्यात बुडून मरतात. पाच-सहा जोड्या सोडा, वर कापड. पानं रोज बदला, पण जुनी पानं टाकायच्या आधी उलटून बघा, अंडी तिथंच असतात. अळ्या मातीत गेल्या की बरणी हलवायची नाही, उकरून बघायची नाही, मुलांना हे सांगून काही उपयोग होत नाही पण सांगा. डहाळ्या फुलं नसलेल्या आणा आणि मोजे घालूनच हाताळा.

किती अपेक्षा ठेवायची

भुंगा गवत संपवत नाही, दाबतो. जुलैत उशिरा संख्या वाढली तर तोपर्यंत जूनची रोपं फुलून बी टाकून मोकळी होतात, कारण हे गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं. म्हणून मी जोडीला दोन गोष्टी करतो. रस्त्यालगतची आणि पिकातली रोपं फुलायच्या आत, पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट उपटतो, आणि राखीव कोपऱ्याच्या कडेने टाकळ्याचं बी फेकतो. टाकळा दाट उगवून जागा धरतो, गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, वर पावसाळ्यात त्याची कोवळी भाजी होते ती वेगळीच. भुंगा टाकळ्याला तोंड लावत नाही.

माझ्या बांधावर तिसऱ्या वर्षी फरक दिसला, कमरेएवढं गवत गुडघ्याला आलं आणि फुलं बरीच कमी झाली. गेल्या वर्षी जूनमध्ये पाऊस लांबला, तेव्हा जुलै अर्धा होईपर्यंत एक भुंगा दिसला नाही आणि मी पण जरा टेकीला आलो होतो, मग दोन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याच कोपऱ्यात मातीने माखलेले सहा-सात जण रोपांवर चढताना दिसले. त्या कोपऱ्यात मी लाल चिंधी बांधलेली काठी रोवून ठेवलीय, ट्रॅक्टरवाल्याला दरवर्षी सांगावं लागतं की काठीच्या पलीकडे जायचं नाही, आणि दरवर्षी तो विचारतो की तिथं काय पुरून ठेवलंय.